तुरुंगात व्यसनावर औषध द्यावं का? आणि सुटल्यावर पुढे काय?

मिडवेस्टी_मावळा | ३ सप्टेंबर, २१:१४

नमस्कार मंडळी. विषय जरा आडवाटेचा आहे. 'आरोग्य'मध्ये टाकलाय, प्रशासकांना 'चालू घडामोडी'त हलवावासा वाटला तर खुशाल हलवा.

मी मिडवेस्टात एका लहान काउंटीत राहतो. मका, सोयाबीन, एक बंद पडलेला कारखाना, एक जेल. ओपिऑइडच्या (अफूच्या जातीच्या वेदनाशामक) गोळ्यांवरून जे खटले झाले त्यात जॉन्सन अँड जॉन्सन आणि तीन बड्या वितरक कंपन्यांनी मिळून २६ अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं कबूल केलं, हे तुम्ही वाचलं असेल. त्यातला खारीचा वाटा आमच्या काउंटीच्याही पदरात पडतोय. तो कुठे घालायचा हे सुचवायला नागरिकांची समिती नेमलीय आणि मी हौसेने नाव दिलं. (बायकोच्या मते हौस नाही, खाज.)

समोर दोन प्रस्ताव आहेत. एक शेरीफचा (काउंटीचा पोलीसप्रमुख, जेल त्याच्याच ताब्यात): जेलच्या दारात बॉडी स्कॅनर बसवायचा, म्हणजे आत माल जाणार नाही. दुसरा आरोग्य खात्याचा: जेलमध्येच ओपिऑइडच्या व्यसनींना मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन (त्याच जातीची, पण ओढ आणि त्रास ताब्यात ठेवणारी औषधं) द्यायचं, आणि सुटताना त्यांना बाहेरच्या दवाखान्याशी जोडून देणारा एक पगारी माणूस ठेवायचा. पैसे एकालाच पुरतील.

शेरीफसाहेब बैठकीत म्हणाले, "आमच्याकडे आले की आठवड्याभरात अंगातून सगळं उतरतं. जे फुकटात होतंय त्याला पैसे कशाला?" ऐकताना पटलं होतं. घरी आल्यावर पटेनासं झालं. पुढच्या महिन्यात मत द्यायचंय. इथे डॉक्टर, नर्स, वकील सगळे आहेत म्हणून विचारतोय. अनुभव असेल तर लिहा, नुसतं मत असेल तरी चालेल.

चहाबाज | ३ सप्टेंबर, २१:३१

एका नशेवर दुसरी नशा. तीही सरकारी खर्चाने. छान चाललंय.

साळुंकी | ३ सप्टेंबर, २१:४०

वाचतेय. चांगला विषय.

रातराणी_आरएन | ४ सप्टेंबर, ०६:५२

न्यू इंग्लंडमधल्या एका काउंटी जेलमध्ये नर्स आहे. कुठल्या ते सांगत नाही, नोकरी प्यारी आहे. आत्ताच रात्रपाळी संपवून आलेय, तेव्हा शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करा.

'अंगातून उतरतं' म्हणजे काय होतं ते आधी सांगते. शेवटचा डोस घेऊन अर्धा दिवस झाला की जांभया, घाम, नाक गळणं सुरू होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उलट्या, जुलाब, पोटऱ्या पिळवटून निघतात, झोप नावाला नाही. एरवी धडधाकट माणूस याने सहसा मरत नाही. पण पोटात पाणी ठरत नाही आणि बाहेरचे 'नाटकं करतोय' म्हणून लक्ष देत नाहीत, अशात शरीरातलं पाणी संपून मेलेले कैदी या देशात आहेत. काउंट्यांनी त्यापायी भरपायाही मोजल्यात. म्हणजे शेरीफसाहेबांचं 'फुकट' तितकंसं फुकट नाही.

पण माझी खरी भीती नंतरची आहे. आत राहिल्यावर अंगाची सवय मोडते, डोक्यातली ओढ मात्र मोडत नाही. बाहेर पडला की जुन्या मापाने घेतो. जे माप पूर्वी त्याला नुसतं उभं ठेवायचं, तेच आता त्याचा श्वास थांबवतं. वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांतून सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट होता. आणि तो काळ फेंटानिल (हेरॉइनहून कितीतरी जहाल कृत्रिम ओपिऑइड) सगळीकडे पसरायच्या आधीचा, हेही लक्षात घ्या.

अजून एक. आमच्याकडे येणाऱ्यांत काहीजण बाहेर आधीपासून मेथाडोनवर असतात. नोकरी करतायत, पोरं शाळेत सोडतायत, आणि जुना दंड भरला नाही म्हणून आत येतात. जेलमध्ये औषध नसेल तर त्यांचं चाललेलं औषध आपण तोडतो. त्याला काय म्हणायचं?

कोपऱ्यावरचा_इराणी | ४ सप्टेंबर, ०७:१५

चहाबाज, तुमचा सकाळचा चहा आठवडाभर बंद करू आणि मग 'अंगातून उतरतं का' ते विचारू. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

चहाबाज | ४ सप्टेंबर, ०७:४४

दिवे घेतले. पण चहासाठी मी कोणाची गाडी फोडत नाही.

आबा_सातारकर | ४ सप्टेंबर, १०:०३

चहाबाजांशी सहमत, जरा जास्तच. माझा पेट्रोल पंप आणि लागून दुकान आहे, दक्षिणेत. बाथरूममधून बेशुद्ध पोरं मी स्वतः बाहेर काढलीत, गल्ल्यावर हात मारलेलाही सोसलाय. मला त्यांच्याबद्दल दया नाही असं नाही. पण माझ्याकडे रात्रपाळी करणाऱ्या मुलाला मधुमेह आहे, त्याच्याकडे विमा नाही, तो इन्सुलिन पुरवून पुरवून वापरतो. त्याने कोणाचं काही चोरलं नाही. आणि ज्याने चोरलं त्याला आत गेल्यावर डॉक्टर, औषध, वर सुटल्यावर हात धरून नेणारा माणूस. हे गणित मला कोणीतरी समजावून सांगा.

वकीलसाहेबा | ४ सप्टेंबर, १३:२०

आबा, तुमचा राग रास्त आहे, फक्त त्याचा पत्ता चुकतोय. बाहेरच्या माणसाला इन्सुलिन मिळत नाही यावर उपाय आतल्याचं औषध काढून घेणं हा नाही.

कायद्याचं सांगते. १९७६ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही घटनेने मनाई केलेली क्रूर शिक्षा आहे. गंमत अशी की या देशात वैद्यकीय मदतीचा घटनादत्त हक्क असलेला वर्ग कैद्यांचाच, तुमचा माझा नाही. माणूस कोंडलेला असतो, स्वतः उठून डॉक्टरकडे जाऊ शकत नाही, म्हणून ज्याने कोंडलं त्याची जबाबदारी. तर्क एवढाच.

व्यसनाच्या औषधांवर अलीकडे अपंगत्व कायद्याखाली निकाल आलेत. मॅसॅच्युसेट्सच्या एसेक्स काउंटीत २०१८ मध्ये कोर्टाने एकाला जेलमध्ये मेथाडोन चालू ठेवायचा आदेश दिला. २०१९ मध्ये मेनच्या अरूस्टुक काउंटीत एका बाईला ब्युप्रेनॉर्फिन द्यायला लावलं, आणि बॉस्टनच्या अपील कोर्टाने ते कायम केलं. दोन्ही आदेश अंतरिम होते आणि त्या-त्या व्यक्तीपुरतेच, पण शेरीफ मंडळींनी धसका घ्यायचा तो घेतला. एप्रिल २०२२ मध्ये फेडरल न्याय खात्यानेही मार्गदर्शन काढून सांगितलं की डॉक्टरने लिहून दिलेलं असं औषध सरसकट बंद करणं भेदभाव ठरू शकतो.

मावळे, तुमच्या काउंटीच्या वकिलाला समितीसमोर बोलवा. शेरीफचा सूर बदलेल.

चहाबाज | ४ सप्टेंबर, १४:०५

कायदा काय म्हणतो ते कळलं. उपयोग होतो का, ते सांगा.

पी_व्हॅल्यू | ४ सप्टेंबर, २२:४८

कोणीतरी माझं नाव घेतल्यासारखं वाटलं.

सगळ्यात गाजलेलं उदाहरण रोड आयलंडचं. तिथे राज्यभरातली सगळी कारागृहं एकाच खात्याखाली, क्रॅन्स्टनला. २०१६ मध्ये त्यांनी मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्सोन (हे नशेचा असरच रोखतं) ही तिन्ही औषधं द्यायला सुरुवात केली आणि सुटल्यावर तेच औषध बाहेरच्या दवाखान्यात चालू राहील अशी साखळी बांधली. २०१८ मध्ये 'जामा सायकियाट्री'त आकडे आले. २०१६ च्या पहिल्या सहा महिन्यांत राज्यात १७९ ओव्हरडोस मृत्यू, त्यातले २६ जण गेल्या वर्षभरात तुरुंगात राहून आलेले. २०१७ च्या पहिल्या सहा महिन्यांत १५७ पैकी ९. पेपरांत '६१ टक्के घट' छापून आलं ती या प्रमाणातली घट.

आता माझी कुरकुर. २६ आणि ९ हे लहान आकडे आहेत. आधी-नंतरची तुलना आहे, दुसरा गट नाही. एकट्या या अभ्यासावर मी माझे पैसे लावले नसते.

पण तो एकटा नाही. इंग्लंडमध्ये सुटताना औषध चालू असलेले आणि नसलेले कैदी यांची तुलना २०१७ साली प्रसिद्ध झाली. औषधावर असलेल्यांत पहिल्या चार आठवड्यांत कुठल्याही कारणाने होणारे मृत्यू ७५ टक्के कमी, ड्रगच्या विषबाधेचे ८५ टक्के कमी. ऑस्ट्रेलियातही त्याच दिशेचे निकाल आहेत.

आणि आबांसाठी, कारण त्यांना चोरीची काळजी आहे: पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये फ्रँकलिन आणि हॅम्पशायर या शेजारशेजारच्या ग्रामीण काउंट्या. फ्रँकलिनच्या जेलने ब्युप्रेनॉर्फिन आधी सुरू केलं, हॅम्पशायरने काही वर्षांनी. त्या मधल्या काळात सुटलेल्यांचा पुढे माग काढला. पुन्हा गुन्ह्यात अडकलेले फ्रँकलिनमध्ये ४८ टक्के, हॅम्पशायरमध्ये ६३. जादू नाही. निम्मे तरीही परत आलेच. पण ६३ पेक्षा ४८ बरे.

आबा_सातारकर | ५ सप्टेंबर, ०८:३०

४८ वाचून हसावं का रडावं कळेना. पण आकडे सरळ मांडल्याबद्दल आभार.

लालबागचा_जुना | ५ सप्टेंबर, १९:१२

मी इथे फार लिहीत नाही, बहुतेक पाककृती वाचायला येतो. रातराणीताईंचा प्रतिसाद सकाळी वाचला आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही, म्हणून लिहितो.

आमच्या चाळीत ऐंशीच्या दशकात गर्द (ब्राउन शुगर) शिरली. गिरण्यांचा संप फसला, घरोघरी बाप घरी बसलेले आणि पोरं जिन्याखाली पन्नी घेऊन. माझा मोठा भाऊ त्यातलाच. आधी घरातली भांडी गेली, मग शेजारच्यांची गेली, मग एकदा दुकान फोडताना सापडला आणि आत गेला. आतच टर्की (नशा तुटल्यावरचा त्रास) काढली. कशी काढली ते त्याने कधी सांगितलं नाही. काही महिन्यांनी सुटून आला तेव्हा अंगावर मांस चढलेलं, डोळे स्वच्छ. आईला वाटलं, पोलिसांनी आपलं पोर परत दिलं. तिने सत्यनारायण घातला.

त्याच आठवड्यात गेला. सार्वजनिक संडासात सापडला. मोहल्ल्यातल्या त्याच्या जोडीदाराने सांगितलं की फार नव्हतं घेतलं हो, नेहमीएवढंच घेतलं होतं. आम्हाला वाटलं, माल भेसळीचा असेल. अंगाची सवय मोडलेली असते आणि नेहमीचंच माप जास्त होतं, हे मला आज या धाग्यावर कळतंय. तेव्हा सुटताना दारात कोणी एवढं एक वाक्य जरी सांगितलं असतं, त्याला नाही तर निदान आम्हाला.

असो. चालू द्या.

साळुंकी | ५ सप्टेंबर, १९:४०

दादा...

चहाबाज | ५ सप्टेंबर, २०:०१

लालबागकर, तुमचं वाचलं. माझ्या पहिल्या प्रतिसादात टिंगलीचा सूर होता, तेवढा सोडून द्या. प्रश्न मात्र मी विचारत राहणार.

कोकम_एमडी | ५ सप्टेंबर, २३:२६

मानसोपचार करतो, कोकणात. भारतात काय आहे असं दोघांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं म्हणून इथेच लिहितो.

आपल्याकडे अगदीच अंधार नाही. दिल्लीच्या तिहारमध्ये २००८ पासून जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनचे उपचार सुरू झाले. दक्षिण आशियातल्या तुरुंगातला तो पहिला प्रयोग. पंजाबने २०१७ मध्ये बाह्यरुग्ण केंद्रं काढली, रोज यायचं, नर्ससमोर गोळी घ्यायची, आणि तिथल्या काही तुरुंगांतही ते पोचलं. महाराष्ट्रात हे फारसं रूढ नाही. आपल्याकडे 'आत गेला की सुटेल' हा शेरीफसाहेबांचाच सिद्धांत चालतो.

कागदावर दारं उघडी आहेत. एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याचं कलम ३९ कोर्टाला मुभा देतं की दोषी ठरलेल्या व्यसनीला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवावं. कलम ६४अ म्हणतं की थोड्या मालासह सापडलेला किंवा सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला तयार झाला तर त्याच्यावर खटला नको. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या, आणि त्याच कायद्यात कैद्यांच्या उपचारांचंही कलम आहे. माझ्या पाहण्यात वकील ६४अ क्वचितच मागतात. जामिनाच्या मागे लागतात, आणि ते त्यांच्या जागी बरोबर असेल.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ओपिऑइडमुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७७ लाख निघाले होते. हे फक्त अमेरिकेचं दुखणं आहे असं कोणी समजू नये.

पुणेरी_पाटी | ६ सप्टेंबर, ०९:१०

कोकमसाहेब, पण पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून चालू आहे. तिथे एकाच्या जागी दुसरं अफूचं औषध देत नाहीत. समूह, दिनचर्या, घरच्यांना बरोबर घेणं, सुटल्यावरचा पाठपुरावा यावर काम चालतं आणि माझ्या ओळखीचे दोघे तिथून बाहेर पडून वर्षानुवर्षं नीट आहेत. मग औषधाचाच एवढा आग्रह का?

कोकम_एमडी | ६ सप्टेंबर, १३:५५

आग्रह औषधाचा नाही, माणूस जिवंत राहण्याचा आहे. मुक्तांगणबद्दल मला आदरच आहे. पण तिथे जाणारा माणूस, निदान शेवटी तरी, स्वतः आत जातो, घरचे बरोबर येतात, आणि तुम्ही लिहिलंत तसा पाठपुरावा असतो. काउंटी जेलमधल्या माणसाला पोलीस आणतात आणि कधी सुटणार ते त्यालाही माहीत नसतं. शिवाय बाहेर फेंटानिल. गर्दच्या काळात एखाद्याला चारदा घसरून पाचव्यांदा सावरायची मुभा होती. फेंटानिल तेवढी मुभा देत नाही. औषध चालू असेल तर घसरला तरी वाचायची शक्यता वाढते. समूह, घरचे, काम, हे सगळं त्यावर बांधता येतं.

पंजाबी_सून | ६ सप्टेंबर, १५:३०

माहेर नाशिक, सासर जालंधरजवळ. केंद्रांबद्दल लिहिलंत ते बरोबर. आमच्या गावात सकाळी रांग असते आणि रांगेतले निम्मे ट्रॅक्टर सोडून आलेले असतात. इथे टर्कीला 'तोट' म्हणतात, चुलतदीर 'तोट लागली' म्हणायचा तेव्हा मला वाटायचं काही हिशोबाचं आहे. आता रोज गोळी घेतो आणि डेअरीला दूध घालतो. गावात अजूनही त्याला 'गोळीवाला' म्हणतात, त्याचं त्याला काही नाही. जेलमधून आलेले मात्र रांगेत उशिरा दिसतात, आधी महिनाभर लपतात. तो महिनाच वाईट.

मिडवेस्टी_मावळा | ६ सप्टेंबर, २१:४४

एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. लालबागकर, काय लिहू कळत नाही, तुमची परवानगी असेल तर तुमचं ते 'दारात कोणी एक वाक्य' समितीत नाव न घेता सांगेन.

आता माझा प्रश्न मूळ प्रस्तावाच्या दुसऱ्या भागाबद्दल. समितीतले काहीजण म्हणतात, आत औषध देऊ, पण तो 'जोडून देणारा माणूस' चैनीचा. सुटल्यावर चिठ्ठी द्यायची, पत्ता द्यायचा, प्रौढ माणूस आहे, जाईल. रातराणी, प्रत्यक्षात काय होतं?

रातराणी_आरएन | ७ सप्टेंबर, ०७:२०

प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. कोर्ट दुपारी चारला म्हणतं, सोडा. कागद फिरत फिरत रात्री अकराला दार उघडतं. शुक्रवार असतो. त्याचा फोन पुराव्यात जमा किंवा चार्जिंग संपलेलं. ओळखपत्र ज्या गाडीत होतं ती गाडी ओढून नेलेली. बस बंद. जवळचं दुकान पेट्रोल पंपाचं (आबा, तुमच्यासारखंच) आणि तिथे उभा असलेला जुना ओळखीचा म्हणतो, चल सोडतो. तुमची चिठ्ठी त्याच्या खिशात असते. खरंच असते. मी स्वतः ठेवलेली असते.

सोमवारी दवाखान्यात गेला तर ते विमा विचारतात. मेडिकेड (गरिबांसाठीचा सरकारी विमा) १९६५ साली आलं तेव्हापासूनच कैद्याच्या उपचारांचे पैसे ते देत नाही. त्यामुळे आत गेलं की बऱ्याच ठिकाणी विमा थांबवतात, पूर्वी तर चक्क रद्दच करायचे, आणि तो पुन्हा चालू व्हायला वेळ लागतो. त्या दिवसांतच माणूस जातो. कॅलिफोर्नियाला जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा परवानगी मिळाली की सुटायच्या आधीचे ९० दिवसपर्यंत मेडिकेडमधून काही सेवा देता येतील. नंतर इतर राज्यंही त्या वाटेने गेली. मावळे, तुमच्या राज्याचं काय ते आधी शोधा. खर्चाचं सगळं चित्र त्यावर ठरेल.

आमच्याकडे तो 'जोडून देणारा' एक जुना व्यसनी आहे, स्वतः आत राहून आलेला. पगार माझ्याहून कमी, काम माझ्याहून जास्त. दारात गाडी लावतो. त्याच्या गाडीत नॅलॉक्सोनचा (ओव्हरडोस उतरवणारं औषध) फवारा, चार्जर आणि सिगारेटी असतात. सिगारेटींबद्दल वरिष्ठ डोळेझाक करतात.

फार्मसीवाली | ७ सप्टेंबर, १२:०८

रातराणीला अनुमोदन, आणि औषधाच्या दुकानाच्या बाजूने भर.

ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरांना पूर्वी वेगळा परवाना लागायचा, तो २०२२ च्या अखेरच्या कायद्याने गेला. म्हणून सगळ्यांना वाटतं की आता सोपं झालं. पण चिठ्ठी घेऊन माणूस दुकानात आला की दुकानात माल असायला हवा. बरीच दुकानं ठेवतच नाहीत, किंवा 'नव्या पेशंटला देत नाही' म्हणून वाटेला लावतात. मी जिथे आधी काम केलं तिथे हे डोळ्यांनी पाहिलंय.

आणि मेथाडोन व्यसनावर द्यायचं असेल तर आम्ही देऊच शकत नाही, ते फेडरल परवान्याच्या दवाखान्यातूनच. सुरुवातीला तरी बहुतेकांना जवळपास रोज जावं लागतं. तुमच्या काउंटीपासून असा दवाखाना किती दूर आहे? तासाभराच्या गाडीवर असेल आणि माणसाचा गाडीचा परवाना रद्द झालेला असेल, तर आत मेथाडोन सुरू करून तुम्ही त्याला कुठे पाठवणार?

मिडवेस्टी_मावळा | ७ सप्टेंबर, १२:४१

सर्वात जवळचा सत्तर मैलांवर. आत्ताच नकाशात पाहिला.

फार्मसीवाली | ७ सप्टेंबर, १२:४६

मग तुमच्याकडे मुख्य औषध ब्युप्रेनॉर्फिन. जो आधीच मेथाडोनवर आहे त्याचं मात्र तोडू नका, त्या दवाखान्याशी करार करून डोस मागवता येतो.

चहाबाज | ७ सप्टेंबर, १८:१९

माझा राहिलेला प्रश्न. ही गोळी जिभेखाली विरघळवायची. न विरघळवता गालात लपवून ठेवली आणि बराकीत विकली तर? की तेही 'होतच नाही' असं म्हणणार?

रातराणी_आरएन | ७ सप्टेंबर, १९:०२

होतं की. म्हणूनच आम्ही तोंड उघडून, जीभ उचलून, टॉर्च मारून बघतो, आणि विरघळेपर्यंत समोर बसवतो. तरी होतं. पण एक सांगू? आत चोरून विकली जाणारी गोळी घेणारा बहुधा मजेसाठी घेत नाही, टर्की चुकवायला घेतो. ज्यांना गरज आहे त्यांना सरळ दिली की काळाबाजार बराच थंडावतो.

शिवाय आता इंजेक्शन आहे. ब्युप्रेनॉर्फिनचंच, महिन्यातून एकदा पोटाच्या कातडीखाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये मंजूर झालं. लपवणं नाही, विकणं नाही, आणि सुटायच्या आधी दिलं तर बाहेरचे पहिले काही आठवडे झाकले जातात. एका डोसची किंमत हजार डॉलरच्या वर, हीच अडचण.

चहाबाज | ७ सप्टेंबर, १९:२०

इंजेक्शनला माझी हरकत नाही. गोळीबद्दल मी अजून साशंक. नोंद व्हावी.

कोपऱ्यावरचा_इराणी | ७ सप्टेंबर, १९:२५

नोंद झाली. चहा पाठवू?

वाटसरू | ७ सप्टेंबर, २२:३३

नाल्ट्रेक्सोनचं इंजेक्शन का नको? त्यात अफूचा अंशही नाही, नशा येत नाही, सवय लागत नाही. न्यायाधीशांना तेच आवडतं असं वाचलंय.

कोकम_एमडी | ८ सप्टेंबर, ००:१०

न्यायाधीशांना आवडतं, पेशंटला नेहमी नाही. ते सुरू करायला आधी सात ते दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं, नाहीतर तीव्र टर्की उसळते. म्हणजे पहिला आठवडा पुन्हा तीच औषधाविना काढायची टर्की. आणि ते थांबलं की अंगाला सवय शून्य, त्यामुळे घसरला तर धोका मोठा. ज्याला तेच हवंय त्याला जरूर द्या, पण 'हेच घे' म्हणू नका. रोड आयलंडमध्ये तिन्ही ठेवली होती, त्याला कारण आहे.

मंडळाचा_खजिनदार | ८ सप्टेंबर, ११:००

अवांतर: आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मी प्रथमोपचाराच्या पेटीत नॅलॉक्सोन ठेवायचं सुचवलं. मार्च २०२३ मध्ये तो नाकातला फवारा चिठ्ठीशिवाय विकायला मंजुरी मिळाली. कार्यकारिणीत एक तास चर्चा. "आपल्या लोकांत हे नसतं", "लोक काय म्हणतील", "मोदकांशेजारी ठेवणार का". शेवटी ठेवला, पण 'इतर औषधे' असं लेबल लावून.

साळुंकी | ८ सप्टेंबर, ११:१२

'आपल्या लोकांत हे नसतं' हे मी तीन वेगवेगळ्या मंडळांत ऐकलंय, आणि तिन्हीकडे म्हणणाऱ्या काकूंच्या घरी झोपेच्या गोळ्या.

प्रशासक | ८ सप्टेंबर, ११:३०

काकूंना सोडा. धागा विषयावर ठेवा, कृपया.

मिडवेस्टी_मावळा | १० सप्टेंबर, २०:५५

दोन दिवस फोनाफोनी केली. तडजोडीच्या करारात पैशातला किमान ८५ टक्के भाग ओपिऑइडचं नुकसान निस्तरण्यावरच खर्च व्हायला हवा, आणि सुचवलेल्या उपायांच्या यादीत तुरुंगातले उपचार आणि सुटणाऱ्यांना उपचारांशी जोडणं हे थेट लिहिलंय. बॉडी स्कॅनर त्यात कसा बसवणार, असं काउंटीच्या वकिलाला विचारलं (वकीलसाहेबा, आभार). ते म्हणाले, बसवू म्हटलं तर बसवता येईल, पण मला लिहून द्यायला सांगू नका.

शेरीफसाहेबांशीही बोललो. माणूस वाईट नाही. त्यांची खरी भीती वेगळीच निघाली: रात्रपाळीला तीनच माणसं, गोळी घेताना समोर कोण बसणार? हे त्यांनी बैठकीत बोलून दाखवलं नव्हतं.

तर मी समितीत मांडायचं ठरवलंय ते असं. मत उपचारांना. पण अट घालून, की जोडून देणाऱ्या माणसाचा पगार आधी ठरवा आणि औषधाचं प्रमाण उरलेल्या पैशात बसवा, उलट नको. आत शंभर जणांना औषध देऊन दारात सोडून द्यायचं, त्यापेक्षा साठ जणांना देऊन साठांनाही पहिल्या भेटीपर्यंत पोचवलेलं बरं. आणि रात्री आठनंतर कोणाला दाराबाहेर काढायचं नाही, स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी.

वकीलसाहेबा | १० सप्टेंबर, २१:३०

शेवटच्या अटीत सांभाळून. सोडायचा आदेश झाल्यावर कोणाला सकाळपर्यंत आत ठेवणं म्हणजे बेकायदा डांबणं. 'हवं असल्यास सकाळपर्यंत थांबता येईल, आणि रात्री गेला तर गाडी मिळेल' असं लिहा.

रातराणी_आरएन | १० सप्टेंबर, २१:४७

पगार आधी, हे पटलं. पण चाळीस जण कुठले वगळणार ते कागदावर लिहू नका, वकीलसाहेबांचे जातभाई तुम्हाला सोडणार नाहीत. आणि जे आधीच औषधावर आहेत ते आणि गरोदर बायका कुठल्याही हिशोबात पहिल्या.

पी_व्हॅल्यू | १० सप्टेंबर, २२:१५

पहिल्या दिवसापासून मोजायला सुरुवात करा. किती जणांना आत औषध मिळालं हे सगळेच मोजतात. किती जण सुटल्यावर सात दिवसांत दवाखान्यात दिसले, ते मोजा. वर्षाने शेरीफ विचारेल तेव्हा तुमच्याकडे एवढाच आकडा कामाचा असेल.

आबा_सातारकर | ११ सप्टेंबर, ०७:०५

माझं मत अजून पूर्ण वळलेलं नाही. पण रात्री अकराला जेलमधून सुटलेली पोरं माझ्याच पंपावर येतात हे खरं, काउंटी जेल दोन मैलांवर आहे. तो फवारा गल्ल्याखाली ठेवायचा म्हणतोय. वापरायला शिकवतं का कोणी, की डब्यावर लिहिलेलं पुरतं?

फार्मसीवाली | ११ सप्टेंबर, ०७:४०

आबा, डब्यावरचं पुरतं, तरी सांगते. पाठीवर झोपवा, मान मागे, एका नाकपुडीत पूर्ण दाबा, ९११ लावा. दोन-तीन मिनिटांत श्वास नीट आला नाही तर दुसरा डोस दुसऱ्या नाकपुडीत. श्वास आला की कुशीवर वळवा आणि मदत येईपर्यंत जवळ थांबा, कारण औषधाचा असर ओसरला की पुन्हा झोपू शकतो. शुद्धीवर येताना चिडलेला असेल, मनावर घेऊ नका. आरोग्य खात्याकडे बऱ्याच ठिकाणी फुकट मिळतो, विकत घ्यायच्या आधी विचारा. रात्रपाळीच्या मुलालाही दाखवून ठेवा.

आबा_सातारकर | ११ सप्टेंबर, ०७:५२

दोन मागवतो. मावळे, बैठक ऑनलाइन दिसते का हो?

मिडवेस्टी_मावळा | ११ सप्टेंबर, ०८:१५

दिसते, पण आवाज खरखरतो. लिंक विपूत टाकतो.